पुरानंतर शाळेचे संडास सुरू करायचेत? आधी बादल्या मोजा

२०१९च्या ऑगस्टमध्ये कल्याण तालुक्यातल्या एका शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. जुलैच्या शेवटी उल्हास नदी फुगली होती. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तोच पूर. बाई म्हणाल्या, "भाऊ, ठाण्याचं एक मंडळ आठ संडास द्यायला तयार आहे. तुम्ही येऊन बसवून द्याल का?" मी विचारलं, "बाई, शाळेत बादल्या किती आहेत?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, "एक होती, ती वाहून गेली."

मी कळव्यात राहतो, प्लंबिंगची कामं घेतो. घरात तीन पिढ्यांत कुणी मास्तर नाही, पण शाळांचे संडास मी इतके दुरुस्त केलेत की बायको म्हणते, पेन्शन लागू झाली पाहिजे. २००५च्या २६ जुलैपासून हे सुरू झालं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे आमच्या खाडीकाठच्या वस्त्यांत पाणी खिडकीला लागलं. तेव्हापासून पूर आला की कुणी ना कुणी गुरुजी नंबर शोधून काढतात. प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून टाकतो.

पाणी ओसरल्यावर पहिले दोन दिवस कशालाही हात लावू नका. आधी फोटो काढा: दरवाजा, भांडी, टाकी, मोटर आणि भिंतीवरची पाण्याची रेघ. पंचनामा व्हायच्या आधी सगळं धुऊन चकाचक केलं, तर नंतर नुकसान दाखवणार काय? त्या रेघेवर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवा. पुढे तो लागणार आहे.

मोटर बुडाली असेल तर 'चालते का बघू' म्हणून बटण दाबायचं नाही. मेन स्विच पाडायचा, मोटर काढून वायरमनकडे द्यायची. तो सुकवेल, मेगर (करंट कुठे गळतोय का ते दाखवणारं मीटर) लावून बघेल, गरज असेल तर रिवाइंडिंग करेल. ओल्या भिंतीतली वायरिंगही त्यालाच दाखवा. आत जाताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच, कारण पुराच्या चिखलात उंदरांचं मूत असतं आणि पायाला कापलेलं असेल तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो. मदतीला आलेल्या सगळ्यांना कामाच्या आधीच आरोग्य केंद्रात पाठवा, गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. सफाईला विद्यार्थी नकोत. 'श्रमदान' म्हणून पाचवीच्या पोरांना चिखलात उतरवलेलं मी पाहिलंय आणि त्या शाळेत भांडूनही आलोय.

आता सेप्टिक टाकी. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

२००५ साली खाडीकाठच्या एका शाळेत तिसऱ्याच दिवशी मी मैला उपसायची गाडी बोलावली. टाकी तुडुंब भरलेली, फ्लश केलं की पाणी उलटं भांड्यात. मला वाटलं, उपसली की मोकळं. गाडीने तासाभरात टाकी रिकामी केली, मी पैसे दिले, चहा प्यायलो. परत येऊन बघतो तर टाकीची खाडीकडची विटांची भिंत आत बसलेली. स्लॅबला तडा. बाहेरची जमीन पाण्याने गच्च होती, टाकीतलं पाणी आतून भिंतीला रेटून उभं होतं. मी तोच आधार काढून घेतला. फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी असती तर जमिनीतून वर तरंगून पाइप तोडून आली असती. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, पण त्या टाकीचा खर्च मी पुढचे सहा महिने फेडत होतो.

तेव्हापासून माझा नियम असा. टाकीपासून चार-पाच पावलांवर तीन फूट खोल खड्डा खणायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी त्यात पाणी साचलेलं दिसलं तर टाकीला हात नाही. खड्डा कोरडा राहीपर्यंत थांबायचं, मग आठवडा लागो की तीन. उपसल्यावर लगेच निम्म्याच्या वर साधं पाणी भरायचं, टाकी रिकामी सोडायची नाही. झाकण उघडलं की लांब उभं राहायचं, विडी-काडी नाही. आणि आत माणूस उतरवायचा नाही. वास येत नाही म्हणजे वायू नाही असं नसतं. आत श्वासच मिळत नाही, पहिला पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं हा हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हाही आहे. 'आमच्याकडचा माणूस उतरतो हो, त्याला सवय आहे,' असं कुणी म्हणालं तर त्या कामातून बाहेर पडा.

ठाणे, कळवा, दिवा, विटावा या बाजूला आणखी एक भानगड असते. शाळेची लाइन नाल्यात, नाला खाडीत. भरतीला नाला उलटा वाहतो आणि चेंबरमधलं पाणी वर येतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तुम्ही कितीही साफ केलंत तरी संध्याकाळी पुन्हा तेच. चेंबर उघडायचं काम अष्टमीच्या सुमाराला धरा, भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. वेळ कोळीवाड्यात विचारून घ्या, चेंदणीची म्हातारी माणसं तिथी ऐकून पाणी कधी चढेल ते सांगतात. आणि शेवटच्या चेंबरला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवा, पाणी जाईल पण परत येणार नाही. त्याच्या पडद्यात कचरा अडकला तर मात्र तो असून नसल्यासारखा. महिन्यातून एकदा उघडून बघावा लागतो.

आता त्या बाईंच्या बादल्या.

शाळेचा पट १६० होता. मी गेलो तेव्हा त्यांच्याच खडूने फळ्यावर हिशेब मांडला. पिणं आणि हात धुणं मिळून माणशी ३ लिटर, आपत्तीनंतरच्या मदतकार्यात शाळेसाठी हाच किमान आकडा धरतात. झाले ४८०. लघवीनंतर ओतायला मुलामागे लिटरभर धरा, १६०. दिवसभरात तीसेक मुलं संडासला बसतील, प्रत्येकी ५ लिटर, १५०. दोन वेळा फरशी धुवायला १००. बेरीज ८९०, म्हणजे ९०० लिटर. पंधरा लिटरची बादली धरली तर रोज ६० बादल्या. "बाई, या ६० बादल्या कोण आणणार, कुठून आणणार?" विहिरीत गाळ, मोटर बुडालेली, नळाची लाइन फुटलेली. आठ संडास बसवले असते तर आठवड्यात आठही घाण होऊन बंद पडले असते, आणि लोक म्हणाले असते, गावातल्या पोरांना शिस्त नाही.

तेव्हा मंडळाला आम्ही सांगितलं, आठ नको, पाच द्या. उरलेल्या पैशांत हजार लिटरच्या दोन टाक्या, मोटरची दुरुस्ती आणि महिनाभर टँकर. पाचच का? मुलींना ३०मागे एक आणि मुलग्यांना ६०मागे एक, हा आपत्तीतला मापदंड. तिथे ७८ मुली, ८२ मुलगे, म्हणजे तीन आणि दोन. मुलग्यांना मुतारी वेगळी. स्वच्छ विद्यालय मोहिमेत ४० मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असं धरलंय. कायमचं बांधताना ते धरा, सुरुवातीला पाच पुरे. मंडळाच्या अध्यक्षांना फोटोत पाचच दिसणार याचं वाईट वाटलं. टाक्यांवर त्यांचं नाव रंगवून दिलं, मिटलं.

भांडं घेताना ग्रामीण भांडं मागा. त्याचा उतार खडा असतो आणि ट्रॅपचा, म्हणजे भांड्याखालच्या बाकाचा, वॉटर सील (वास अडवायला साचून राहणारं पाणी) २० मिलिमीटरचा, दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. शहरातल्या सपाट भांड्याला तेवढ्याच कामाला पाच-सहा लिटर लागतं. दान करणाऱ्यांना मात्र कमोड आवडतो. अपंग मुलासाठी एक कमोड, धरायला दांडी आणि उतरता रस्ता हवाच. पण सरसकट कमोड बसवून टँकरच्या पाण्यावर शाळा चालत नाही.

शाळेत पूरग्रस्त राहत असतील तर सगळा हिशेब बदलतो. वर्ग भरायच्या आधी वर्गांत कुटुंबं भरलेली असतात. सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक संडास लागतो. मोठ्यांचे आणि मुलांचे वेगळे ठेवा. कुटुंबं परत गेल्यावर ते सगळं साफ करून मगच मुलांना सोडा. पहिल्या दिवशी घाणीत पाऊल पडलेलं पोर महिनाभर संडासात जात नाही, घरी जाईपर्यंत दाबून धरतं.

तात्पुरती सोय म्हणून खड्डा खणायचा तर विहिरीपासून ३० मीटर लांब आणि खड्ड्याचा तळ जमिनीतल्या पाण्यापासून दीड मीटर तरी वर. पुरानंतर आपल्याकडे हे जमणं कठीण, फूटभर खणलं की पाणी लागतं. मग खड्ड्याच्या नादी लागू नका. विटांचा दोन फूट चौथरा, त्यावर भांडं, शेजारी बंद टाकी, ती भरली की गाडीने उपसायची. भोवती बांबू आणि ताडपत्री. ताडपत्री जाड घ्या. पातळ निळ्या ताडपत्रीतून उन्हात सावली दिसते आणि मग एकही मोठी मुलगी तिथे जात नाही.

जुने संडास साफ करायचे तर सुरुवात भांड्यापासून नाही, सगळ्यात खालच्या चेंबरपासून. सगळे उलटं करतात: भांड्यात गाळ दिसला की वरून पाणी मारतात, काठी खुपसतात, आणि गाळ पाइपच्या बाकात जाऊन सिमेंटसारखा बसतो. खालचं चेंबर उघडा, गाळ घमेल्याने काढा, तिथून वरच्या चेंबरकडे बांबूची खपाटी सरकवत जा. पाण्याला बाहेर जायला वाट झाली की एकेक चेंबर वर चढा. भांड्याच्या ट्रॅपमधला गाळ हातानेच निघतो: लांब हातमोजा, आत बोटं वाकवायची, मूठभर काढायचं, मगभर पाणी, पुन्हा मूठभर. एका भांड्याला वीसेक मिनिटं लागतात. घाई करणाऱ्याने चिनी मातीचं भांडं फोडलेलं मी दोनदा पाहिलंय.

गाळ निघाला, साबणाने घासून झालं, की मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आधी टाकलं तर फुकट जातं, चिखलच ते खातो. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. १० लिटर पाण्याला १५० ग्रॅम पावडर, हे फरशी-भिंती पुसायला. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. त्याच दिवशी त्याच जागी ॲसिड ओतायचं नाही, विषारी वायू सुटतो. 'दोन्ही टाकलं की जास्त पांढरं होतं' हा सल्ला कोण देतं देव जाणे.

पुराचं पाणी शिरलेली साठवणीची टाकी घासून, भरून, हजार लिटरला तेच १५० ग्रॅम टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नळ उघडून थोडं थोडं पाणी लाइनमधून जाऊ द्या, बाकीचं सोडून द्या. हे पाणी प्यायचं नाही, आणि सेप्टिक टाकीतही सोडू नका, तिथले जंतू मरतात आणि तेच तर मैला कुजवतात. रोजच्या वापराला हजार लिटरला ५ ग्रॅम. आता ५ ग्रॅम शाळेत मोजणार कशावर? किराणावाल्याकडून ५० ग्रॅम मोजून घ्या, वर्तमानपत्रावर पसरून पट्टीने दहा सारखे भाग करा, पुड्या बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रोज एक पुडी बादलीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते औषधाचा थेंब टाकून बघायचं. पाणी पिवळसर झालं तर ठीक, रंगच आला नाही तर पावडर मेलेली आहे. पावसात उघडं पडलेलं पोतं बहुतेक मेलेलंच असतं. ग्रामपंचायतीकडून घेताना आधी हीच टेस्ट करा.

मुलींच्या संडासाबद्दल मला सगळ्यात उशिरा अक्कल आली. त्या कल्याणच्या शाळेत काम संपवून निघालो होतो. दुसरीतली एक मुलगी आत गेली आणि तिची मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहिली. म्हटलं, कडी लावली नाहीस का गं? म्हणाली, "काका, ती वर आहे." कडी मी माझ्या खांद्याच्या उंचीला बसवली होती. माझ्याच हाताने, सगळ्या दारांना. तेव्हापासून दोन कड्या लावतो, एक अडीच फुटांवर, एक चार फुटांवर. शिवाय आत ओढणी-दप्तर अडकवायला खुंटी, आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा. डबा आतच हवा, बाहेर ठेवला की कुणी वापरत नाही आणि सगळं ट्रॅपमध्ये जातं. डबा रोज कोण रिकामा करणार, ते नाव त्याच दिवशी ठरवा.

पुरात फुगलेलं लाकडी दार लगेच रंधू नका. दारं महिनाभराने सुकून आकसतात, मग फट पडते आणि बाहेरून दिसतं. तोवर पडदा लावा. नवी दारं पीव्हीसीची किंवा फायबरची घ्या.

हात धुवायला बेसिन नकोत. एक इंची पाइपला फूटभर अंतरावर टी-जोड टाकून सहा नळ, खाली पन्हळ, उंची दोन टप्प्यांत. साबण जाळीच्या पिशवीत नळाला बांधायचा. कांद्याची लाल जाळी चालते, साबण हरवत नाही आणि जाळीच घासणीचं काम करते. खिचडीच्या सुट्टीत सहा नळांना रांग लवकर सरकते, एका सुंदर बेसिनपुढे ती हसतखेळत मोडते.

कायमचं बांधताना तो लाल पट्टा आठवा. भांड्याची पातळी पट्ट्याच्या वर घेता आली तर उत्तम. नाही आली तर निदान टाकीचं झाकण, चेंबरची तोंडं आणि मोटरचा बोर्ड तरी वर घ्या. दोन खड्ड्यांचा संडास (एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा) असेल तर दोन्हींमध्ये पुराचं पाणी शिरलेलं असतं. बंद ठेवलेला खड्डा 'पिकला', म्हणजे मैल्याचं खत झालं, समजून उकरू नका, वर्षभराची मुदत नव्याने मोजायची.

पैशांचं थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातला निदान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. १०० ते २५० पटाला अनुदान ५० हजार, म्हणजे वर्षाला पाच हजार. त्यात फिनेल, खराटे, टीसीएल आणि पाण्याचे मग येतात, सफाईचा माणूस येत नाही. त्याच्या पगाराचं शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून ग्रामपंचायतीकडून लिहून घ्या. ते झालं नाही तर सफाई हळूच ठरावीक वस्तीतल्या मुलांवर किंवा फक्त मुलींवर जाते. कुणी आदेश काढत नाही, ती आपोआप जाते. तुमच्या शाळेत झाडू रोज कुणाच्या हातात असतो ते एकदा उभं राहून बघा.

शेवटचं, कुलूप. नवे संडास झाले की एकाला हमखास कुलूप लागतं, 'साहेब आले तर'. पाचातला एक गेला की बाकीच्या चारांवर भार येतो आणि ते चारही तुंबतात. तपासणीला जातो तेव्हा मी ते कुलूप उघडायला लावतो आणि सोबत घेऊन येतो. हत्यारांच्या पेटीत अशी चार जमली होती. त्यातलं एक बाईंच्या शाळेत मोटरच्या पेटीला लावून आलो. तिथे कुलूप लागतंच, नाहीतर पोरं बटणाशी खेळतात.